बांचे आईपण

भगिनींनो, कस्तुरबा गांधींना आपण राष्ट्रमाता म्हणून वंदन करतो. पण त्या चार मुलांच्या आई होत्या आणि ते आईपण त्यांना सोपे गेले नाही.

बांचा जन्म १८६९ साली पोरबंदरला झाला. पहिले मूल अवघ्या काही दिवसांत गेले. मग १८८८ साली हरिलाल झाला. त्याच्या पाठीवर मणिलाल, रामदास व देवदास. हरिलाल धीट होता. दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहात तो अनेकदा तुरुंगात गेला. परंतु त्याला शिकून मोठे व्हायचे होते आणि गांधीजींचा तसल्या शिक्षणावर विश्वास उरला नव्हता. १९११ साली तो वडिलांपासून वेगळा झाला. १९१८ साली त्याची पत्नी वारली. धंद्यात खोट आली व तो दारूच्या आहारी गेला.

बाप-लेकांच्या मध्ये बांचा जीव किती पोळला असेल! पण त्यांनी अंथरूण धरले नाही. हरिलालच्या आईवेगळ्या लेकरांना जवळ केले. आश्रमाचे स्वयंपाकघर सांभाळले, चंपारण्यातील बायकांना स्वच्छता शिकवली, तुरुंगवासही सोसला. आणि मुलासाठी मायेचे दार बंद केले नाही. एकदा कटनी स्टेशनवर फाटक्या वेषातला हरिलाल गाडीपाशी आला. त्याने आणलेले एक संत्रे फक्त आईच्या हाती दिले. त्याला काही खायला द्यावे हे बांच्या ध्यानात आले, तोवर गाडी सुटली होती.

१९४४ साली पुण्याच्या आगाखान महालात बा कैदेत असताना अखेरच्या दिवसांत तो भेटीस आला, तोही पिऊन. त्या माउलीने कपाळ बडवून घेतले. २२ फेब्रुवारीला त्यांनी देह ठेवला. धाकट्या देवदासने अग्नी दिला.

आता विचार करा. आई एकच, घर एकच. मणिलालने आफ्रिकेत वडिलांचे वर्तमानपत्र चालविले, देवदास दिल्लीत मोठ्या पत्राचा संपादक झाला, आणि हरिलाल वाट चुकला. मग सारा दोष आईच्याच पदरात का घालावा? मुलांना स्वतःचा स्वभाव असतो, दैवाचे घाव असतात. एकाच तव्यावर भाजताना एखादी भाकरी करपते. म्हणून सुगरण जन्मभर स्वतःला कोसत नाही, आणि ती भाकरी फेकूनही देत नाही, आपल्याच ताटात घेते. भगिनींनो, मुलांच्या काळजीने रात्र सरत नसेल तेव्हा बांना आठवावे आणि सकाळी उठून कामाला लागावे.