बालकांमधील क्षयसंसर्गाचा माग काढणारे डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के

जबलपूर, १२ मे : तान्ह्या मुलाला क्षयाचा संसर्ग झाला आहे काय, हे ओळखणे आजही कठीण आहे. बाळाला तपासणीसाठी थुंकी देता येत नाही आणि लक्षणेही अस्पष्ट असतात. ही अडचण दूर करणारी पहिली सोपी त्वचाचाचणी शोधणारे ऑस्ट्रियाचे बालरोगतज्ज्ञ डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा आज जन्मदिन.

व्हिएन्नाजवळील हिर्शस्टेटन येथे १८७४ मध्ये एका उमराव घराण्यात त्यांचा जन्म झाला. आरंभी धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान यांचे अध्ययन करून ते वैद्यकाकडे वळले आणि १९०० मध्ये ग्रात्स येथे पदवीधर झाले. लस किंवा रक्तजल टोचल्यावर शरीराची संवेदनक्षमता पालटते, या निरीक्षणातून १९०६ मध्ये त्यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द रूढ केला.

रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये क्षयावरील औषध म्हणून पुढे आणलेले ट्युबरक्युलिन उपचारात निष्फळ ठरले होते. पिर्के यांनी त्याचा उपयोग निदानासाठी केला. १९०७ मध्ये त्यांनी मुलांच्या हातावर ट्युबरक्युलिनचा थेंब ठेवून त्वचेला ओरखडा दिला. संसर्ग झालेल्या मुलाच्या त्वचेवर एक-दोन दिवसांत लालसर फुगवटा येई. मोठ्या मुलांत ही खूण जुन्या, सुप्त संसर्गाची असू शकते. तान्ह्या बाळात मात्र ती अलीकडच्या संसर्गाची आणि धोक्याची सूचना ठरते.

पुढे फ्रान्सचे शार्ल मांतू यांनी ट्युबरक्युलिन त्वचेत टोचण्याची अधिक अचूक पद्धत रूढ केली. ‘मांतू चाचणी’ म्हणून ती भारतात सर्वपरिचित आहे. जबलपूर येथील राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मध्य प्रदेशातील आदिवासी बालकांमधील संसर्गाचे प्रमाण मोजण्यासाठी ट्युबरक्युलिन चाचणीचाच आधार घेतला.

या चाचणीला मर्यादाही आहेत. ती संसर्ग दाखवते, आजार नव्हे. कुपोषित बालकात संसर्ग असूनही ती नकारात्मक येऊ शकते, तर बीसीजी लशीमुळे संसर्ग नसतानाही सकारात्मक ठरू शकते. म्हणूनच घरात क्षयरुग्ण असल्यास पाच वर्षांखालील मुलांना, आजार नसल्याची खात्री करून, प्रतिबंधक औषध दिले जाते.

पिर्के १९११ मध्ये व्हिएन्नाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी मदतीतून उपाशी ऑस्ट्रियन मुलांना अन्न पुरवण्याच्या कार्याचे त्यांनी नेतृत्व केले. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी पत्नीसह जीवनयात्रा संपवली. तेव्हा ते ५४ वर्षांचे होते.