मार्टिन लूथर आणि शास्त्रार्थाचा हक्क

धर्मग्रंथ कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. त्याचा अर्थ कोणी सांगावा, हा प्रश्न मात्र ज्या ज्या देशात धर्म पोथीवर उभा आहे तेथे तेथे रक्तपातापर्यंत गेलेला आहे. आम्ही वकिलीच्या धंद्यात वाढलो असल्यामुळे आम्हांस ह्यात नवल वाटत नाही. कायद्याचे पुस्तक बाजारात कोणासही विकत मिळते, परंतु त्यातील कलमाचा अर्थ ठरविण्याचा हक्क ज्याच्या हाती असतो तोच खरा सत्ताधारी. सोळाव्या शतकात जर्मनीतील मार्टिन लूथर नावाच्या एका संन्याशाने ख्रिस्ती शास्त्रापुरता हा हक्क पोपच्या हातून काढून घेतला, ही कथा पुष्कळांस ठाऊक आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या उत्कर्षावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात आमच्या संतमंडळाच्या कार्याची तुलना ह्याच चळवळीशी केली, तेव्हापासून शिकलेल्या महाराष्ट्रास हे नाव अधिकच परिचयाचे झाले. परंतु काढून घेतलेला तो हक्क पुढे कोणाच्या पदरात पडला, ह्याची चौकशी आमच्याकडे क्वचितच होते. ती करावी एवढ्याच हेतूने हे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजी आइस्लेबेन ह्या गावी झाला. बाप हान्स हा मूळचा शेतकरी कुळातला, पण तांब्याच्या खाणी व भट्ट्या चालवून चार पैसे गाठीस बांधलेला. असा मनुष्य मुलास काय करू इच्छील? वकील. एर्फुर्टच्या विद्यापीठात मुलाने १५०५ साली वरची पदवी घेतली व बापाच्या इच्छेप्रमाणे कायद्याच्या अभ्यासास आरंभ केला. तो अभ्यास काही आठवडेच टिकला. २ जुलै १५०५ रोजी घरून परतताना श्टोटर्नहाइम गावाजवळ वादळाने त्यास गाठले, वीज जवळच कोसळली, आणि भेदरलेल्या त्या तरुणाने संत आन्नाचा धावा करून, वाचलो तर संन्यास घेईन असा नवस केला. पंधरा दिवसांत तो ऑगस्टीनच्या पंथाच्या मठात दाखल झाला. बापाच्या संतापाची कल्पना करणे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस अवघड जाणार नाही.

मठात तरी शांती मिळाली काय? मुळीच नाही. उपास, जागरणे, तासन् तास चालणारे पापनिवेदन, सर्व काही झाले. पण आपण देवाच्या न्यायापुढे उभे राहू शकत नाही ही धास्ती काही केल्या जाईना. १५१२ साली विटेनबर्ग येथे तो धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला व विद्यार्थ्यांस शास्त्र शिकवू लागला. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात देवाचे नीतिमत्त्व असा शब्द येतो. त्याचा अर्थ लूथर इतके दिवस असा करीत होता की, देव नीतिमान आहे आणि म्हणून तो पाप्यास शिक्षा करतो. आता त्यास दिसू लागले की, हे नीतिमत्त्व देव स्वतःजवळ ठेवून मनुष्यास तोलीत नाही, तर तो ते मनुष्यास देतो, आणि मनुष्याने ते केवळ विश्वासाने घ्यावयाचे असते. व्यापारी वाचकांस आम्ही ही गोष्ट त्यांच्याच भाषेत सांगतो. कूळ दिवाळखोर आहे, फेडीची आशा नाही. अशा वेळी दुसऱ्याने सगळे देणे फेडून खाते चुकते केले. कुळाने ते मान्य करावयाचे, एवढेच त्याचे काम. सत्कर्मे पुढे येतातच, पण ती कर्जफेडीचा हप्ता म्हणून नव्हेत. मोकळा झालेला मनुष्य शेजाऱ्याच्या उपयोगी पडतो म्हणून. हा उलगडा एका क्षणी झाला की काही वर्षांत, ह्याविषयी विद्वानांत वाद आहे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, युरोप हालविणाऱ्या ह्या बंडाचे मूळ एका षष्ठी विभक्तीच्या अर्थात होते.

ह्या मताची व्यवहाराशी गाठ पडली ती पैशाच्या पेटीपाशी. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने अनेक धर्मपीठे एकदम पदरात पाडून घेण्यासाठी रोमला मोठी रक्कम भरली होती, आणि ती आउग्सबर्गच्या फुगर ह्या प्रसिद्ध सावकारी पेढीकडून कर्जाऊ काढली होती. तोड निघाली ती अशी : पोप दहावा लिओ ह्याने रोममधील संत पेत्राच्या देवालयाच्या बांधकामासाठी पापक्षमापत्रे विकण्याची परवानगी द्यावी, निम्मे उत्पन्न रोमला जावे व निम्म्यातून सावकाराचे देणे फिटावे. भाविक म्हातारीस वाटे की आपल्या पैशाने मेलेल्या बापाची यातनांतून सुटका होत आहे. प्रत्यक्षात तिच्या पैशाने बिशपाचे व्याज फिटत होते. योहान टेट्झेल हा विक्रेता विटेनबर्गच्या हद्दीत येऊ शकत नव्हता, कारण तेथील राजा फ्रेडरिक ह्याने बंदी केली होती. पण लोक हद्द ओलांडून पत्रे घेऊन येत आणि लूथरपुढे नाचवीत. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने आपली ९५ विधाने आर्चबिशपास पाठविली. देवळाच्या दारावर ती त्याने खिळ्याने ठोकली ही कथा कितपत खरी, ह्याविषयी आज अभ्यासकांत एकमत नाही. पत्र पाठविले हे निश्चित आहे. येथेही पुन्हा एका शब्दाचाच झगडा होता. लॅटिन बायबलातील ख्रिस्ताच्या आज्ञेचा अर्थ प्रायश्चित्त करा असा घेतला जाई. मूळ ग्रीक शब्द मन पालटण्याविषयी आहे. प्रायश्चित्त विकता येते, मन पालटणे विकता येत नाही.

पुढील घडामोडी वेगाने झाल्या, म्हणून आम्हीही त्या वेगाने सांगतो. १५२० साली त्याने तीन प्रसिद्ध निबंध लिहिले. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक मनुष्य याजकच आहे. पाळक व चांभार ह्यांच्यात भेद आहे तो कामाचा, पवित्रतेचा नव्हे. शास्त्राचा अर्थ सांगण्याचा मक्ता पोपला शास्त्रात कोठेही दिलेला नाही, असे त्यांत प्रतिपादन होते. चांभाराची आरी व गृहिणीची चूल ही जपमाळेइतकीच देवाची सेवा होय, हा विचार त्या काळी किती धीट होता ह्याची कल्पना आज येणे कठीण आहे. पोपने बहिष्काराची धमकी देणारे आज्ञापत्र धाडले, ते लूथरने १० डिसेंबर १५२० रोजी जाहीरपणे जाळले. जानेवारी १५२१ मध्ये तो बहिष्कृत झाला, आणि १७ व १८ एप्रिल रोजी वोर्म्स येथे बादशहा पाचवा चार्ल्स ह्याच्या दरबारात उभा राहिला. तेथे वादविवाद व्हावा अशी त्याची अपेक्षा होती. तेथे फक्त दोन प्रश्न होते : ही पुस्तके तुझी काय, आणि ती तू मागे घेतोस काय? शास्त्राच्या अथवा स्पष्ट युक्तिवादाच्या आधारे चूक दाखविल्यावाचून ती मागे घेणे आपल्या विवेकबुद्धीस मान्य नाही, असे त्याने एक दिवसाच्या मुदतीनंतर उत्तर दिले. पुरावा न तपासता शिक्षा ठरविणाऱ्या कचेऱ्या कोणत्याही काळी दुर्मीळ नसतात. त्यांच्यापुढे असे उत्तर देणारे पक्षकार मात्र आमच्या पाहण्यात फार थोडे आले.

परतीच्या वाटेवर राजा फ्रेडरिकच्या माणसांनी त्यास पळवून नेल्याचे सोंग केले व वार्टबर्गच्या गढीत लपविले. तेथे त्याने सुमारे अकरा आठवड्यांत संपूर्ण नवा करार ग्रीकवरून जर्मन भाषेत उतरविला. सप्टेंबर १५२२ मध्ये तो छापून निघाला आणि डिसेंबरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. घरातील आई, रस्त्यावरील पोरे आणि बाजारातील साधा माणूस कसे बोलतात हे ऐकून भाषांतर करावे, असे त्याचे धोरण होते. आमच्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू व ग्रीक शिकून खेड्यातील बायकांस समजेल अशा मराठीत बायबल उतरविले, व ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पुरे छापून निघाले. त्या खटपटीचे मूळ ह्याच विचारात आहे. लूथरच्या भाषांतरावर एक आक्षेप मात्र आम्हांस गंभीर वाटतो. रोमकरांच्या पत्रात मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो असे जेथे आहे, तेथे त्याने केवळ हा शब्द पदरचा घातला. जर्मन भाषेच्या वळणास तो हवा असा त्याचा खुलासा आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु कलमात शब्द घालणाऱ्या वकिलाकडे न्यायाधीश ज्या नजरेने पाहतो त्या नजरेने आम्हांस त्याच्याकडे पाहणे भाग आहे. कर्मावाचून विश्वास निर्जीव असे सांगणारे याकोबाचे पत्र त्यास पेंढ्यासारखे वाटले, हेही येथेच सांगितले पाहिजे.

ग्रंथ लोकांच्या हाती पडला, आणि लोक वाचू लागले. बव्हेरियातील आर्गुला फॉन ग्रुम्बाख ह्या बाईने १५२३ साली इंगोलश्टाटच्या विद्यापीठास पत्र लिहून, लूथरच्या मतांसाठी एका तरुण शिक्षकास छळल्याबद्दल जाब विचारला आणि शास्त्राधारे जर्मन भाषेत वाद करण्यास पंडितांस आव्हान दिले. पंडितांनी उत्तर दिले नाही; तिच्या नवऱ्याची सरकारी जागा मात्र गेली. त्याच वर्षी स्वतः लूथरने असा निबंध लिहिला की, शिकवणुकीची पारख करण्याचा व आपला पाळक नेमण्याचा अथवा काढण्याचा हक्क गावच्या मंडळीस शास्त्राने दिला आहे.

ही शिकवण शेतकऱ्यांनी खरी मानली. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन येथे त्यांच्या बारा मागण्या तयार झाल्या. त्या लिहिण्यात सेबास्टियान लोट्झर नावाच्या एका कातडी-लोकरीच्या कारागिराचा मुख्य हात होता. आम्ही आयुष्यात पुष्कळ अर्ज वाचले, पण इतका सरळ अर्ज फार क्वचित पाहिला. प्रत्येक मागणीस शास्त्रवचनाचा आधार दिलेला आहे. पहिली मागणी, आपला पाळक निवडण्याचा हक्क. दुसरी, धान्याचा दशमांश पाळकाच्या पोटास व उरलेला गरिबांस द्यावा. तिसरी, ख्रिस्ताने आपल्या रक्ताने गुराख्यापासून राजापर्यंत सर्वांस सोडविले आहे, म्हणून आम्हांस जमीनदाराचे बंदे समजू नये. पुढे लाकूडफाटा, मासेमारी, वेठ, खंड, गायरान, आणि घरधनी मेल्यावर विधवेकडून घेतली जाणारी लाग. शेवटची मागणी अशी की, ह्यांपैकी कोणतीही मागणी शास्त्राविरुद्ध आहे असे दाखवून दिल्यास ती आम्ही सोडून देऊ. वोर्म्सच्या दरबारात लूथरने जे म्हटले तेच हे नव्हे काय?

लूथरचे पहिले उत्तर सरदारांस झोडपणारे होते. हे बंड तुमच्याच जुलमाचे फळ आहे असे त्याने त्यांस बजावले. पण तिसऱ्या मागणीपाशी तो अडला. ख्रिस्ती मनुष्याचे स्वातंत्र्य आत्म्याचे आहे. अब्राहामासही दास होते. तारणाचा अर्थ देहाच्या सुटकेवर ओढणे म्हणजे शास्त्राचा विपर्यास होय, असे त्याचे म्हणणे पडले. त्याच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की त्याने मत फिरविले नव्हते. आत्म्याचे स्वातंत्र्य व देहाची ताबेदारी हा भेद त्याच्या १५२० सालच्या निबंधातही आहे, आणि शस्त्राने धर्म सुधारण्यास तो आरंभापासून विरुद्ध होता. शेतकऱ्यांकडूनही अत्याचार झाले. १६ एप्रिल रोजी वाइन्सबर्ग येथे त्यांनी एका सरदारास व त्याच्या सोबत्यांस भाल्यांच्या रांगांतून हाकलून ठार केले. परंतु मे महिन्यात लूथरने जे दुसरे पत्रक काढले, त्यात बंडखोरांस पिसाळलेल्या कुत्र्याप्रमाणे मारण्याची राजांस मोकळीक दिली, ते कोणत्याही खुलाशाने धुऊन निघत नाही. राजांस अशा परवानगीची गरजही नव्हती. १५ मे रोजी फ्रांकेनहाउझेन येथे हजारो शेतकरी कापले गेले. त्या सबंध बंडात ७०,००० पासून १,००,००० पर्यंत माणसे मेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्याच जूनमध्ये लूथरने माजी संन्यासिनी काटारीना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. बाई मोठी कर्तबगार. शेती, गुरे, दारूची भट्टी व पाहुण्यांनी भरलेले घर तिने एकटीने सांभाळले, आणि पाळकाचा संसार कसा असावा ह्याचा कित्ता पुढील पिढ्यांनी त्याच घरावरून गिरविला.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. १५२७ पासून सॅक्सनीत गावोगावच्या मंडळ्यांची तपासणी सुरू झाली, ती राजाने नेमलेल्या तपासनिसांकडून. पाळक निवडण्याचा जो हक्क १५२३ साली गावाचा होता, तो अडचणीची सोय म्हणून राजाकडे गेला आणि तेथेच राहिला. तपासणीत लोकांचे अज्ञान पाहून लूथरने १५२९ साली घरातील कर्त्या माणसाने मुलांस व नोकरांस शिकवावी अशी लहान प्रश्नोत्तरी लिहिली. हे त्याचे काम आम्हांस सर्वांत निर्मळ वाटते. त्याच वर्षी मारबुर्ग येथे स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली ह्याच्याशी भेट झाली. १५ कलमांपैकी १४ जुळली. पंधराव्यात, प्रभुभोजनाच्या वाक्यातील आहे ह्या क्रियापदावर, दोघे फुटले ते कायमचे. पोप दूर झाला म्हणून अर्थ एक होतो, ही कल्पना तेथेच संपली.

वार्धक्यात त्याची लेखणी अधिक कडू झाली. यहुदी लोकांविषयी १५२३ साली ममतेने लिहिणाऱ्या ह्या मनुष्याने १५४३ साली त्यांची प्रार्थनामंदिरे जाळावी असे लिहिले, आणि चारशे वर्षांनंतर नात्झींनी त्या लिखाणाचा उपयोग केला. अमेरिकेतील त्याच्या मोठ्या अनुयायी मंडळीने १९९४ साली ते जाहीरपणे नाकारले. ज्या मतासाठी रोमशी फारकत झाली, त्या विश्वासाने मिळणाऱ्या तारणाविषयी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबर्ग येथे रोमच्या व लूथरच्या अनुयायांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. फुगरच्याच गावी हे घडावे हा योगायोग मजेचा आहे.

जानेवारी १५४६ मध्ये, अंगात ताकद नसताना, तो आइस्लेबेनला गेला. काम होते मान्सफेल्डच्या सरदार भाऊबंदांचा वाटणीचा तंटा तोडण्याचे. कायद्यातून पळालेला मनुष्य शेवटी भाऊबंदकीच्या दाव्यात पंच झाला, आणि तंटा मिटवूनच १८ फेब्रुवारी रोजी त्याच गावी वारला. मागे एक चिठ्ठी सापडली. तीत त्याने लिहिले होते की, पाच वर्षे मेंढरे राखल्यावाचून व्हर्जिलची मेंढपाळांची काव्ये कळत नाहीत, पाच वर्षे नांगर धरल्यावाचून त्याचे शेतीचे काव्य कळत नाही, वीसएक वर्षे राजकारणात काढल्यावाचून सिसेरोची पत्रे कळत नाहीत. आणि शास्त्र पुरते कळावयास तर संदेष्ट्यांबरोबर शंभर वर्षे मंडळ्या सांभाळाव्या लागतील. त्याचे शव विटेनबर्गला नेऊन गढीच्या देवळात व्यासपीठाजवळ पुरण्यात आले.