थॉमस किंग्जफर्ड

थॉमस किंग्जफर्ड (२९ सप्टेंबर, इ.स. १७९९ - २८ नोव्हेंबर, इ.स. १८६९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले अमेरिकन उद्योजक होते. मक्यापासून व्यापारी प्रमाणावर स्टार्च काढण्याच्या पद्धतीचे श्रेय त्यांना दिले जाते.

== जीवन ==
केंट परगण्यात जन्मलेले किंग्जफर्ड १८३०च्या दशकात अमेरिकेत आले व न्यू जर्सीतील विल्यम कोलगेट यांच्या स्टार्च कारखान्यात नोकरीस लागले. तेथे कपड्यांच्या खळीसाठी गव्हापासून स्टार्च काढला जाई. अन्नधान्य असलेला गहू खळीत खर्ची पडण्यापेक्षा विपुल पिकणारा मका वापरावा, असा त्यांचा विचार होता. परंतु मालकांना तो व्यवहार्य वाटला नाही.

== शोध ==
कुरडयांसाठी गहू भिजवून वाटला की चीक तळाशी बसतो. मक्यात मात्र स्टार्चचे कण प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट अडकलेले असल्याने तो असा सहज सुटत नाही. १८४२ साली अनेक प्रयोग फसल्यावर किंग्जफर्ड यांनी अल्कधर्मी द्रावणात कालवलेला मक्याचा लगदा टाकून दिला व नंतर त्याच भांड्याच्या तळाशी त्यांना शुभ्र स्टार्च आढळला, अशी आख्यायिका आहे. अल्कली प्रथिने विरघळवते आणि पाण्याहून जड असलेला स्टार्च खाली बसतो. आधुनिक कारखान्यांत अल्कलीऐवजी सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या कोमट पाण्यात मका भिजवतात.

== उद्योग ==
१८४६ साली त्यांनी मुलगा थॉमसन यांच्यासह स्वतःची कंपनी स्थापन केली. १८४८ साली कारखाना न्यू यॉर्क राज्यातील ऑस्वेगो येथे हलवण्यात आला; तेथे जलशक्ती तसेच सरोवर व कालव्याची वाहतूक उपलब्ध होती. सुरुवातीस केवळ धुलाईसाठी विकला जाणारा हा स्टार्च लवकरच खाद्यपदार्थ म्हणूनही विकला जाऊ लागला. ऑस्वेगो येथेच किंग्जफर्ड यांचे निधन झाले.

== गुणधर्म व उपयोग ==
मक्याच्या स्टार्चमध्ये साधारण एक चतुर्थांश अमायलोज व उर्वरित अमायलोपेक्टिन असते. थंड पाण्यात तो विरघळत नाही. सुमारे ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला त्याचे कण पाणी शोषून फुगतात व द्रव दाट होतो. गरम पातेल्यात कोरडा टाकल्यास गुठळ्या होतात, म्हणून तो आधी थंड पाण्यात कालवतात. महाराष्ट्रात तो ‘कॉर्नफ्लॉवर’ नावाने परिचित असून सूप, कस्टर्ड व भज्यांच्या कुरकुरीतपणासाठी वापरतात. कापडगिरण्यांत ताण्याच्या सुतास खळ देण्यासाठी तसेच औषधी गोळ्या व डिंक बनवण्यासाठीही त्याचा उपयोग होतो.