र. धों. कर्वे : संततिनियमन ते कुटुंबकल्याण

मराठी वैचारिक गद्याच्या इतिहासात रघुनाथ धोंडो कर्वे यांची नोंद लैंगिक विषयांवर निर्भीडपणे लिहिणारे संपादक म्हणून होते. लोकसंख्यावाढीच्या चर्चेत मात्र ते कुटुंबनियोजनाचे आद्य प्रवर्तक म्हणून येतात. ही दुसरी नोंद काहीशी दिशाभूल करणारी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शासनाने पुढे हाती घेतलेल्या कार्यक्रमाचा उगम कर्व्यांपाशी दाखविला की, त्यांच्या आणि शासनाच्या भूमिकेतील मूलभूत अंतर झाकले जाते. त्यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पुन्हा पाहणे अगत्याचे आहे.

कर्व्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. वडील धोंडो केशव कर्वे पुढे महर्षी म्हणून ख्यातनाम झाले. आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात वारल्या. त्या वेळी रघुनाथ नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि तो महाराष्ट्राच्या समाजसुधारणेच्या इतिहासातील एक ठळक प्रसंग ठरला. पहिल्या पत्नीच्या मृत्यूकडे मात्र चरित्रकारांचे लक्ष त्या मानाने कमी जाते. त्या काळी बाळंतपणातील मृत्यू इतका नित्याचा होता की, त्याला कोणी सामाजिक प्रश्न म्हणत नसे. मुलाने पुढे आयुष्यभर जे काम केले त्याचा या मृत्यूशी सरळ कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे होईल. तरी वारंवारच्या गर्भारपणाने झिजणारी स्त्री हा त्यांच्या लेखनाचा केंद्रबिंदू राहिला, हे विसरता येत नाही.

मॅट्रिकच्या परीक्षेत प्रथम आलेला हा विद्यार्थी फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाला व गणिताचा अध्यापक बनला. पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्याच उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. परतल्यावर १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. ते भारतातील पहिले मानले जाते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना सुरू झाला तो त्याच वर्षी.

१९२१ हे साल येथे विशेष महत्त्वाचे आहे. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी या वर्षाला विभाजक वर्ष म्हटले आहे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने, त्याआधीच्या प्लेगने आणि दुष्काळांनी हा हिशेब पुरा केला होता. सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आत होते. त्यानंतर साथी हळूहळू आटोक्यात आल्या, दुष्काळात धान्य पोहोचविण्याची व्यवस्था सुधारली, मृत्यूचे प्रमाण उतरले आणि जन्माचे प्रमाण जवळपास तेथेच राहिले. आजच्या भारताच्या भूभागात १९२१ मध्ये सुमारे २५ कोटी असलेली लोकसंख्या १९५१ मध्ये ३६ कोटींवर गेली. जन्म वाढले म्हणून नव्हे, मरण मागे हटले म्हणून ही वाढ झाली. म्हणजे कर्व्यांनी केंद्र उघडले तेव्हा वाढीचा आकडा कोणाच्याही डोळ्यांपुढे नव्हता. माल्थसचा सिद्धान्त त्यांना परिचित होता. पण गर्दीच्या भीतीने त्यांना या कामास लावले असे म्हणण्यास कालक्रमच आड येतो. मूल केव्हा व्हावे, किंवा व्हावेच की नाही, हे त्या स्त्रीने व तिच्या जोडीदाराने ठरवावे, हा त्यांचा मूळ आग्रह होता.

१९२३ मध्ये त्यांचा ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विल्सन महाविद्यालयाच्या चालकांना हे काम रुचले नाही. काम की नोकरी, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली. पुढची वर्षे ओढाताणीची गेली. त्या वर्षांत पत्नी मालतीबाईंची साथ त्यांना होती; त्या १९४४ मध्ये निवर्तल्या. उभयतांनी मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता आणि त्यासाठी कर्व्यांनी स्वतः नसबंदी करून घेतली होती. ही बाब केवळ चरित्रातील तपशील म्हणून सोडून देण्याजोगी नाही. त्या काळच्या किती सुधारकांनी सुधारणेचा प्रयोग प्रथम स्वतःच्या देहावर केला?

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघाले. मराठीच्या अभ्यासकाने त्याच्याकडे भाषेच्या अंगाने पाहावयास हवे. शरीराविषयी बोलण्यासाठी तत्कालीन मराठीत एकीकडे शिवी होती आणि दुसरीकडे शृंगारकाव्य; मध्ये बोलण्याजोगी जागा नव्हती. ती जागा कर्व्यांनी तयार केली. वाचकांच्या प्रश्नांना ते गणिताचा शिक्षक उदाहरण सोडवून दाखवितो तशा थाटात उत्तरे देत. विशेषण नाही, आर्जव नाही, क्वचित कोरडा उपहास. या गद्याला लालित्य नाही असा आक्षेप घेता येईल. पण लालित्य आले असते तर तेथे संकोचही आला असता.

या लेखनापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. तोही खटला ते हरले व दोनशे रुपये दंड झाला. आंबेडकरांच्या पक्षातर्फे १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला आणि फेटाळला गेला. दुसरीकडे महात्मा गांधी ब्रह्मचर्याखेरीज अन्य साधन मान्य करावयास तयार नव्हते.

कर्व्यांच्या विचाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांचा वाचक साक्षर आणि बहुतांशी शहरी होता. शेतावर राबणाऱ्या कुटुंबात मूल म्हणजे कामाचे दोन हात आणि म्हातारपणाचा आधार. जन्मलेल्यांपैकी किती जगतील याची शाश्वती नसताना चार मुले असणे हा त्या कुटुंबाचा शहाणपणाच असतो. त्यात मुलगा होईपर्यंत वाट पाहणे आलेच. या कारणांना साधनांची माहिती पुरी पडत नाही. शिवाय मासिकाच्या सव्वीस वर्षांत देगलूर, नांदेड, लातूर हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता, आरंभीची एकवीस वर्षे तर निजामाच्या अमलाखाली. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झालेला १९२९ चा शारदा कायदाही या भागासाठी नव्हता.

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले आणि नोव्हेंबरचा अंक अखेरचा ठरला. त्याआधी वर्षभर, १९५२ मध्ये, भारत सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला होता. शब्द बदलला : संततिनियमनाचे कुटुंबनियोजन झाले. नियमन व्यक्ती स्वतःचे करते, नियोजन बहुधा वरून होते. पुढे प्रत्येक जिल्ह्याला, प्रत्येक तालुक्याला उद्दिष्ट ठरवून दिले जाऊ लागले. आणीबाणीत १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्या वर्षी देशात साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या. १९७७ नंतर कार्यक्रमाचे नाव पुन्हा बदलले आणि कुटुंबकल्याण हा शब्द रूढ झाला. आणीबाणीने धास्तावलेला पुरुष या कार्यक्रमातून जवळजवळ बाहेर पडला.

महर्षींना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. मुलाच्या मृत्यूनंतर ते नऊ वर्षे जगले. त्यांच्या स्त्रीशिक्षणाला समाजाने अखेर आपले म्हटले. मुलाच्या बाबतीत स्वीकार झाला तो साधनांचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ वर, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यास लागणाऱ्या २.१ च्याही खाली आलेला दिसतो. त्याच पाहणीत राज्यातील जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली असून पुरुषांचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत आहे. परभणी, बीड यांसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत अठराच्या आत लग्न होणाऱ्या मुलींचे प्रमाण राज्यात सर्वाधिक आहे. लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणे आणि ऐन तारुण्यात शस्त्रक्रिया, असा हा क्रम. देगलूरकडील बोलण्यात संततिनियमन, कुटुंबनियोजन, कुटुंबकल्याण यांपैकी एकही शब्द फारसा रुळला नाही. तेथे नुसते ‘ऑपरेशन’ म्हणतात, आणि ते बाईचेच असणार हे निराळे सांगावे लागत नाही.