फक्त आजचा दिवस

दारू सुटते का हो? व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या कुणालाही बायका आधी हेच विचारतात. आणि सुटलीच, तर कायमची सुटते का, हा त्याच्या मागोमाग येणारा प्रश्न. त्यालाही कारण असतं. देवाची शपथ घेऊन झालेली असते, गळ्यात माळ घालून झालेली असते, चार महिने बरे गेलेले असतात आणि मग एखादी गटारी, एखादं लग्न सगळ्यावर पाणी फिरवतं. मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर म्हणून मला एका माणसाचं आयुष्यच सांगावंसं वाटतं. बिल विल्सन त्याचं नाव. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए. ए. या जगभर पसरलेल्या संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी तो एक.

बिलचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ चा. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ईस्ट डॉर्सेट नावाचं छोटंसं गाव आहे, तिथल्या एका हॉटेलात बारच्या मागच्या खोलीत तो जन्मला. तो लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. वडील लांब कॅनडात निघून गेले, आई शिकायला बोस्टनला गेली आणि बिल व त्याची धाकटी बहीण आजोळी वाढली. पोर हुशार आणि जिद्दी होतं, पण आपण कुणाला नकोसे आहोत ही बोच मनात राहिली ती राहिलीच.

१९१७ साली लष्करात असताना एका पार्टीत त्याने पहिला ग्लास उचलला. लाजराबुजरा बिल त्या रात्री मोकळेपणाने बोलला, हसला. दारू आधी देते ती अशी! घेते ते मागाहून. पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं. लोइस ब्रुकलिनच्या एका डॉक्टरांची मुलगी, बिलपेक्षा चार वर्षांनी मोठी, शिकलेली आणि स्वतःच्या पायावर उभी असलेली.

महायुद्धावरून परतल्यावर बिलने कायद्याचं शिक्षण घेतलं, शेअर बाजारात पैसा कमावला, पण दारूही वाढत गेली. १९२९ साली बाजार कोसळला आणि होतं नव्हतं ते गेलं. जोडपं लोइसच्या माहेरच्या घरी राहायला आलं. आता ती एका मोठ्या दुकानात नोकरी करून घर चालवायची आणि बिल तिच्या पर्समधले पैसे चोरून दारू प्यायचा. पुन्हा थेंबालाही शिवणार नाही, असं त्याने घरातल्या बायबलवर कितीदा तरी लिहून दिलं. प्रत्येक वेळी मनापासून, आणि प्रत्येक वेळी ते मोडलं. लोइसला तीनदा दिवस गेले, पण तिन्ही वेळा गर्भ नळीत राहिल्याने मूल झालं नाही. दत्तक घ्यायचं ठरवलं तर घरात दारुडा नवरा. तिचं मन किती सोसत असेल, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये बिल चार वेळा दाखल झाला. तिथल्या डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला एक गोष्ट पटवली. हा आजार आहे, नुसता स्वभावदोष नव्हे. अशा माणसाच्या पोटात एक घोट गेला की शरीर थांबू देत नाही, आणि तो प्यायलेला नसतो तेव्हा मन त्या पहिल्या घोटाकडे ओढत राहतं. म्हणून थोडीशी, अधूनमधून, सणासुदीला हे त्याच्यासाठी नाहीच.

१९३४ च्या नोव्हेंबरात एबी थॅचर हा त्याचा जुना पिणारा मित्र घरी आला. तो चक्क दारूशिवाय होता! एका धार्मिक गटाच्या आधाराने त्याने ती सोडली होती. बिलने खिल्ली उडवली, पण मनात कुठेतरी ते रुजलं. डिसेंबरात तो शेवटचा हॉस्पिटलमध्ये गेला. तिथे त्याला एक विलक्षण आध्यात्मिक अनुभव आला, असं तो पुढे सांगत असे. त्यानंतर त्याने दारूला हात लावला नाही.

इथे गोष्ट संपायला हवी, नाही का? पण खरी गोष्ट इथूनच सुरू होते. बिल दारुड्यांना शोधून समजवू लागला. कित्येक महिने एकही सुधारला नाही. तो निराश झाला, तेव्हा लोइसनेच दाखवून दिलं की, बाकीचे नसतील सुटले, पण तू तर सुटलेला आहेस. मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी तो ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला. काम फिसकटलं. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटाच, खिशात पैसे जेमतेम आणि बाजूच्या बारमधून हसण्याचे आवाज. आत जावं का? तो टेलिफोनकडे वळला. आपल्यासारखाच एखादा पिणारा माणूस बोलायला मिळावा म्हणून त्याने फोन लावले. त्यातून भेटले डॉ. बॉब स्मिथ, दारूने उद्ध्वस्त होत चाललेले एक सर्जन. पंधरा मिनिटांच्या कबुलीवर आलेले डॉक्टर सहा तास बोलत बसले. १० जून १९३५ ला डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला. तोच ए. ए. चा स्थापना दिवस मानतात.

लोइसचं काय? नवरा सुटला, पण तो आता सारखा मीटिंगला! एके दिवशी तिचा बांध फुटला आणि तिने रागाने चप्पलच भिरकावली. मग तिच्या लक्षात आलं की, दारू प्यायला तो, पण आजारी मीसुद्धा पडले आहे. त्याला सांभाळता सांभाळता माझं असं काही उरलंच नाही. १९५१ साली तिने मैत्रिणीच्या साथीने अल्-अ‍ॅनॉन सुरू केलं, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी.

आता आपला मूळ प्रश्न. बिल पूर्ण बरा झाला का? दारू सुटल्यावरही नैराश्याने त्याला कित्येक वर्षं छळलं. सिगारेट काही सुटली नाही, तिनेच फुप्फुसं निकामी केली. शेवटच्या आजारपणात, ३६ वर्षं न पिता काढल्यावर, त्याने नर्सकडे व्हिस्की मागितल्याची नोंद आहे. ती त्याला दिली गेली नाही. २४ जानेवारी १९७१ ला, लग्नाच्या ५३ व्या वाढदिवशी, तो गेला. आणि ज्याने त्याला वाट दाखवली तो एबी? तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा घसरत आणि उठत राहिला.

म्हणजे ओढ मुळासकट जात नाही. मधुमेहासारखंच आहे हे. साखर आटोक्यात येते, माणूस नातवंडं खेळवतो, पण म्हणून पथ्य सोडून चालत नाही. आणि तरीही त्या ३६ वर्षांत बिलने काय उभं केलं बघा! आज ए. ए. सुमारे १८० देशांत आहे, भारतात ती १९५७ पासून आहे. आपल्याकडे डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तिथेही ए. ए. च्या या वाटेचा आधार घेतला गेला. मीटिंगला फी नसते, नाव गुप्त राहतं.

म्हणूनच मैत्रिणींनो, सहा महिने कोरडे गेले की, आता एखादा पेग चालेल, असं म्हणणाऱ्या पाहुण्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. घसरला, तर सगळं संपलं असंही समजू नका, पण मार आणि शिव्या सोसत बसू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच थांबवा. आणि कायमची सुटली का, हा प्रश्न मनातून काढून टाका. त्याचं उत्तर बिललाही कधी देता आलं नसतं. आजचा दिवस न पिता गेला का, एवढंच विचारा. असे तेरा हजारांवर दिवस बिलने एकेक करून काढले.