वासुदेव बळवंत फडके

वासुदेव बळवंत फडके (जन्म : शिरढोण, ता. पनवेल, ४ नोव्हेंबर १८४५; मृत्यू : एडन, १७ फेब्रुवारी १८८३) हे एकोणिसाव्या शतकातील मराठी क्रांतिकारक होते. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी रामोशी, कोळी, धनगर आदी समाजांतील लोकांना संघटित करून पुणे परिसरात ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र बंड पुकारले. बंडासाठी लागणारा पैसा त्यांनी दरोडे घालून उभा केला. त्यामुळे सरकारी कागदपत्रांत त्यांची नोंद दरोडेखोर अशी झाली, तर पुढील पिढ्यांनी त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणून गौरविले. या दोन ओळखींमधील तणाव त्यांच्या संपूर्ण चरित्राच्या केंद्रस्थानी आहे.

बालपण व शिक्षण

फडके यांचा जन्म पनवेलजवळील शिरढोण या गावी चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांचे नाव बळवंतराव व आईचे सरस्वतीबाई. त्यांचे आजोबा अनंतराव हे पेशवाईच्या अखेरीस जवळच्याच कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्याच्या आठवणी घरात जिवंत होत्या आणि लहानग्या वासुदेवाच्या मनावर त्यांचा ठसा उमटला. अभ्यासापेक्षा कुस्ती, घोडेस्वारी व रानावनातील भटकंती यांकडे त्यांचा ओढा अधिक होता. त्यांचे शिक्षण कल्याण, मुंबई व पुणे येथे झाले. इंग्रजी भाषेचे पुरेसे ज्ञान मिळाल्यावर त्यांनी नोकरी धरली.

पुण्यातील नोकरी

मुंबईत काही किरकोळ नोकऱ्या केल्यानंतर फडके पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात कारकून म्हणून दाखल झाले. ही नोकरी त्यांनी सुमारे दीड दशक केली. याच काळात त्यांची आई अत्यवस्थ झाली. गावी जाण्यासाठी त्यांनी रजा मागितली, परंतु ती वेळेवर मिळाली नाही आणि आईची अखेरची भेट हुकली. पुढील वर्षी श्राद्धासाठीही रजा नाकारण्यात आल्याचे चरित्रकार नमूद करतात. त्यांच्या मनातील परकीय सत्तेविषयीच्या संतापाचा आरंभ अनेकदा याच प्रसंगापाशी दाखविला जातो. मात्र त्यानंतरही ते अनेक वर्षे सरकारी सेवेत होते. त्यांच्या बंडामागे या व्यक्तिगत दुःखापेक्षा व्यापक कारणे होती.

प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांचा दुसरा विवाह गोपिकाबाईंशी झाला. पत्नीला त्यांनी लिहिणे-वाचणे शिकविले. घोड्यावर बसण्याचे व शस्त्र चालविण्याचे शिक्षणही दिले, असे सांगितले जाते. फडके दत्तोपासक होते आणि नोकरी सांभाळून त्यांची उपासना नित्य चालू असे.

सार्वजनिक कार्य

१८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी देशी व्यापार व देशाच्या दारिद्र्याची कारणे या विषयांवर दिलेल्या व्याख्यानांचा फडके यांच्यावर खोल परिणाम झाला. त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. १८७४ मध्ये वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासमवेत त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शिक्षणसंस्था सुरू केली. हीच संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली.

१८७५ मध्ये बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी पदच्युत केले. त्यानंतर फडके यांनी सरकारवर उघड टीका करणारी व्याख्याने दिली. आपल्या सभेची वार्ता ते स्वतः रस्त्यातून थाळी वाजवीत लोकांना देत असत. दुसरीकडे गंजपेठेतील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी दांडपट्टा, तलवार व बंदूक यांचे शिक्षण घेतले. शहराच्या मध्यमवर्गाबाहेरील समाजांशी त्यांचा घनिष्ठ संबंध येथेच जुळला.

दुष्काळ आणि बंडाची पार्श्वभूमी

१८७५ च्या मे महिन्यात सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. शेतसाऱ्याचा बोजा व सावकारी कर्ज यांनी शेतकरी आधीच गांजला होता. त्यातच १८७६ मध्ये पाऊस फसला आणि दुष्काळ मुंबई व मद्रास इलाख्यांसह हैदराबाद व म्हैसूर या संस्थानांत पसरला. भारत सरकारने दुष्काळी भागाच्या पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांची नियुक्ती केली. खर्चात काटकसर करण्यासाठी त्यांनी मदतकामावरील मजुराला रोज एक पौंड धान्य व वर किरकोळ रोकड, इतकी तुटपुंजी मजुरी ठरविली. हेच टेंपल १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले.

फडके यांनी दुष्काळी भागातून वेषांतर करून प्रवास केला. उपासमारीने ओसाड पडलेली गावे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. अर्ज-विनंत्या व सभा यांनी या स्थितीत पालट होणार नाही, या निष्कर्षाला ते पोहोचले. सुशिक्षित व धनिक मंडळींकडे त्यांनी मदत मागून पाहिली, परंतु शस्त्राच्या मार्गाला पाठिंबा देण्यास फारसे कोणी पुढे आले नाही. त्यानंतर ते रामोशी समाजाकडे वळले. गावांची व किल्ल्यांची राखण हे या समाजाचे परंपरागत काम होते. इंग्रजी अमलात ते गेल्याने अनेक कुटुंबे निराधार झाली होती. याच समाजातील उमाजी नाईक यांनी अर्धशतकापूर्वी पुरंदर परिसरात बंड केले होते. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले होते. त्या बंडाची स्मृती डोंगरी मुलखात पुसली गेली नव्हती.

१८७९ चे बंड

२० फेब्रुवारी १८७९ रोजी विष्णु गद्रे, गोपाळ साठे, गणेश देवधर व गोपाळ हरी कर्वे या सहकाऱ्यांसह फडके यांनी पुण्याबाहेर लोणीजवळ सुमारे २०० जणांच्या सैन्याची स्थापना जाहीर केली. आरंभी दरोड्यांतून निधी जमवायचा, त्यातून घोडेस्वारांची फौज उभारायची, नंतर दळणवळण तोडून व खजिने लुटून सरकारचा अंमल खिळखिळा करायचा, अशी त्यांची योजना होती.

पहिला छापा शिरूर तालुक्यातील धामारी या गावावर पडला. तेथील एका व्यापाऱ्याच्या घरी सरकारी कराची रक्कम ठेवलेली होती. या छाप्यानंतर फडके यांच्या नावापुढे दरोडेखोर हा शब्द लागला. त्यानंतर वाल्हे व इतर गावांवर छापे पडले. लुटीतील काही भाग गरिबांत वाटला गेला आणि अनेक खेड्यांनी बंडवाल्यांना आसरा व अन्न दिले. लुटले गेलेले लोक मात्र प्रामुख्याने गावोगावचे सावकार व व्यापारी होते. इंग्रजी फौजेच्या तुलनेत ही झळ देशी लोकांनाच अधिक बसली, आणि बंडाविरुद्धचा हा आक्षेप तेव्हापासून घेतला जात आहे.

मे महिन्यात बंडाला धार आली. फडके यांनी काढलेल्या जाहीरनाम्यात शेतसारा कमी करणे, उपाशी लोकांना सार्वजनिक कामांतून रोजगार देणे व युरोपीय अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार घटविणे या मागण्या होत्या. त्या मान्य न झाल्यास १८५७ प्रमाणे पुन्हा उठाव होईल, असा इशाराही दिलेला होता. सरकारने फडके यांना पकडून देणाऱ्यास इनाम लावले, तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नर टेंपल यांच्या शिरासाठी इनाम जाहीर केले. या घडामोडींची दखल लंडनच्या वृत्तपत्रांनीही घेतली.

१० व ११ मे रोजी रामोशी नेते दौलतराव नाईक यांच्या टोळीने कोकणात उतरून पळस्पे व चिखली येथे छापे घातले. यात सुमारे दीड लाख रुपयांचा ऐवज मिळाला. परंतु घाटावर परतताना मेजर हेन्री विल्यम डॅनिएल यांच्या तुकडीने टोळीला गाठले आणि दौलतराव गोळी लागून ठार झाले. बंडाचा सर्वांत समर्थ सेनानी असा गेला. १३ मे रोजी पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. फडके यांचा त्यांत हात नव्हता, तरी संशय बंडवाल्यांवर गेला. पुण्याच्या सुशिक्षित वर्गाकडेही सरकार संशयाने पाहू लागले आणि रानडे यांची धुळे येथे बदली करण्यात आली.

अपयश व अटक

आपल्या अनुयायांविषयी फडके यांचा भ्रमनिरास झाला होता. आपण राज्यासाठी लढत आहोत, तर सोबतचे अनेक जण लुटीच्या वाट्यासाठी, ही जाणीव त्यांना बोचत होती. मात्र दुष्काळाने उद्ध्वस्त झालेल्या माणसांना लुटीतील वाटा म्हणजे घरातील चूल पेटण्याचा प्रश्न होता, ही बाजूही अभ्यासकांनी लक्षात आणून दिली आहे.

निराश अवस्थेत ते दक्षिणेकडे श्रीशैल मल्लिकार्जुन येथे गेले. तेथे देवापुढे देहत्याग करण्याचा त्यांचा विचार होता. या काळात त्यांनी आत्मचरित्र लिहिले. नंतर विचार बदलून त्यांनी निजामाच्या हद्दीतील रोहिल्यांची भरती करण्याचा प्रयत्न केला. डॅनिएल मात्र त्यांच्या मागावर होते आणि हैदराबाद संस्थानचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांची त्यांना साथ होती. पंढरपूरकडे निघालेले फडके ज्वराने व श्रमाने थकून तत्कालीन कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी येथे मुक्कामाला थांबले असता २० जुलै १८७९ रोजी पकडले गेले.

खटला व शिक्षा

फडके यांना पुण्यात आणून संगमाजवळील तुरुंगात ठेवण्यात आले. सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे व दरोडे घालणे हे त्यांच्यावरील मुख्य आरोप होते. त्यांचे वकीलपत्र घेणे धोक्याचे असताना सार्वजनिक काका त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. महादेव चिमाजी आपटे यांनीही त्यांची बाजू मांडली.

सरकारपक्षाच्या हाती सर्वांत प्रबळ पुरावा होता तो फडके यांनी स्वतः लिहिलेल्या आत्मचरित्राचा व रोजनिशीचा. राज्य उलथून टाकण्याचा हेतू त्यांत स्पष्ट नोंदविलेला होता. ज्या कागदांनी त्यांना जन्मठेप मिळवून दिली, तेच कागद ते केवळ दरोडेखोर नसल्याचाही पुरावा ठरले. न्यायालयाने ७ नोव्हेंबर १८७९ रोजी त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. त्यांना स्वदेशी भूमीपासून व सहानुभूतीदारांपासून दूर ठेवण्यासाठी अंदमानऐवजी एडनची निवड झाली. एडन त्या वेळी मुंबई इलाख्याच्या अखत्यारीत होते.

एडन येथील अखेर

जानेवारी १८८० मध्ये फडके एडनच्या तुरुंगात पोहोचले. तेथे त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून निखळवून पलायन केले. परंतु अनोळखी, उजाड मुलखात त्यांना आसरा मिळणे अशक्य होते. लवकरच ते पुन्हा पकडले गेले व बंदोबस्त अधिक कडक झाला. एकांतवासाने व हालअपेष्टांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि त्यांनी अन्नत्यागही केला. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांचे एडन येथे निधन झाले.

मूल्यमापन

लष्करी दृष्टीने हे बंड काही महिनेच टिकले. शस्त्रे अपुरी होती, सुशिक्षित वर्ग दूर राहिला आणि शेतकरी सहानुभूती दाखवूनही मोठ्या संख्येने सामील झाला नाही. तरीही राजकीय स्वातंत्र्याचा विचार दुष्काळी खेड्यातील भुकेशी जोडण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता. शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर उपाय म्हणून सरकारने १८७९ मध्येच दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. मात्र त्याची मुळे १८७५ च्या दंग्यांत व त्यानंतरच्या चौकशीत होती.

दरोडेखोरी व राजकारण यांच्या सीमेवरील अशा व्यक्तींचा अभ्यास ब्रिटिश इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी सामाजिक दरोडेखोर या संकल्पनेतून केला. सिसिलीतील साल्वातोरे जुलियानो (१९२२–१९५०) हे त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण होय. त्याच्यावर फ्रांचेस्को रोझी यांनी १९६२ मध्ये चित्रपट काढला. जुलियानो आधी दरोडेखोर होता व नंतर राजकारणात ओढला गेला. फडके यांचा प्रवास याच्या उलट, राजकीय हेतूकडून दरोड्याकडे झाला.

स्मृती

शिरढोण येथील फडके यांचे घर व पुण्यातील संगमाजवळील कारावासाची जागा येथे त्यांची स्मारके आहेत. मुंबईत मेट्रो चित्रपटगृहाजवळील चौकाला त्यांचे नाव दिलेले आहे. भारतीय टपाल खात्याने १९८४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ ५० पैशांचे तिकीट काढले. २००७ मध्ये गजेंद्र अहिरे दिग्दर्शित 'वासुदेव बळवंत फडके' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात फडके यांची भूमिका अजिंक्य देव यांनी केली.