काळोख कोरणारा कलावंत

काही वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांच्या दुकानात दान्तेच्या 'इन्फर्नो'ची सचित्र प्रत हाती आली. मजकूर वाचायचा राहूनच गेला, चित्रांवरून मात्र नजर हलेना. गर्द अरण्यात वाट चुकलेला एकटा माणूस, वादळात पाचोळ्यासारखे भिरभिरणारे आत्मे, गोठलेल्या सरोवरात रुतलेले देह. नरक कुणीच पाहिलेला नाही. पण त्या दिवसापासून नरक म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे येतो तो गुस्ताव्ह दोरेचाच.

दोरेचा जन्म ६ जानेवारी १८३२ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे झाला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याने कधीच घेतले नाही. तरीही त्याच्या रेखाटनांवर खूश होऊन शार्ल फिलिपाँ या पॅरिसमधील प्रकाशकाने अवघ्या पंधराव्या वर्षी त्याला नियमित काम दिले. १८४९ मध्ये वडील वारले आणि घराला त्याच्या पेन्सिलीचा आधार झाला.

जगातील श्रेष्ठ साहित्यकृती भव्य आकारात चित्रबद्ध करायच्या, हा त्याचा ध्यास. 'इन्फर्नो'साठी एवढा खर्च करायला प्रकाशक धजावेना, तेव्हा दोरेने स्वतःचे पैसे घातले. १८६१ मध्ये ग्रंथ निघाला आणि त्याला उदंड यश लाभले. पुढे पेरोच्या परीकथा, 'डॉन किहोते', 'बायबल', 'पॅराडाइज लॉस्ट' अशी रांगच लागली. लांडग्याशेजारी अंथरुणात डोळे विस्फारून पडलेली त्याची लाल टोपीवाली मुलगी पाहिली, की परीकथा मुळात किती भीतिदायक असतात ते कळते.

दोरे लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर शाईने व पांढऱ्या रंगाने चित्र काढी आणि पिझाँसारखे कुशल कारागीर ते कोरत. जेथे लाकूड शिल्लक राही, तेथे छपाईत काळे उमटे. जेथे ते कोरून काढले जाई, तेथे पांढरे. म्हणजे या चित्रांत काळोख आधीपासूनच असतो, प्रकाश मात्र रेघेरेघेने कोरून मिळवावा लागतो. दोरेच्या चित्रांची सारी जादू मला यातच दिसते.

एवढी कीर्ती मिळूनही तो अतृप्त होता. त्याला थोर चित्रकार म्हणून मान्यता हवी होती. परंतु त्याच्या अवाढव्य तैलचित्रांची पॅरिसच्या समीक्षकांनी फारशी कदर केली नाही. लंडनमध्ये मात्र न्यू बाँड स्ट्रीटवर त्याच्या नावाचे स्वतंत्र कलादालन उभे राहिले.

त्याच लंडनने त्याला आणखी एक नरक दाखवला. पत्रकार ब्लँचर्ड जेरॉल्डसह त्याने शहर पालथे घातले आणि १८७२ मध्ये १८० चित्रांचा ग्रंथ सिद्ध झाला. दाटीवाटीच्या गल्ल्या, उघड्यावर झोपलेले निराधार, न्यूगेट तुरुंगाच्या उंच भिंतींआड गोल गोल फिरणारे कैदी. ग्रंथात दारिद्र्यच फार दिसते, अशी टीकाही झाली. पण दान्तेचा नरक रंगवताना कमावलेली नजर आता जिवंत माणसांचे दुःख पाहत होती. १८९० मध्ये मनोरुग्णालयात असलेल्या व्हॅन गॉगने कैद्यांचे तेच चित्र समोर ठेवून आपले तैलचित्र रंगवले. चित्रकार म्हणून दोरेला याहून मोठी दाद कोणती मिळायला हवी होती? ती ऐकायला तो नव्हता, एवढेच.

१८८१ मध्ये आई गेली. आजन्म अविवाहित राहिलेला दोरे त्यातून सावरला नाही. २३ जानेवारी १८८३ रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. एडगर ॲलन पोच्या 'द रेव्हन' या कवितेवरील त्याची चित्रे मरणोत्तर प्रसिद्ध झाली.

ज्या तैलचित्रांवर त्याने जीव लावला, ती आज थोड्यांनाच आठवतात. पुस्तकांतला काळोख मात्र टिकला. त्याने भय वाटते हे खरे, पण पान मिटवत नाही. अंधारातल्या त्या एका पांढऱ्या रेघेसाठी डोळे पुन्हा तेथेच जातात.